नॅरोबोटीवर राहताना: बोटीची रोजची आणि वर्षाची निगा

इंग्लंड आणि वेल्समधील कालव्यांवर जी अरुंद, लांबलचक पोलादी बोट दिसते, तिचे माप अठराव्या शतकातील लॉकने, म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या हौदाने, ठरवलेले आहे. जेम्स ब्रिंडली यांनी ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर सुमारे 72 फूट लांबीच्या आणि 7 फूट रुंदीच्या बोटी मावतील अशी लॉक आखली, मिडलंड्समधील इतर अनेक कालव्यांनी तेच माप उचलले, आणि म्हणून आजही नॅरोबोट साधारण 6 फूट 10 इंच रुंदच बांधली जाते. पूर्वी या बोटींतून कोळसा आणि चिनी मातीची भांडी जात असत. आता त्यांत माणसे संसार थाटतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांनी अशी बोट नुकतीच घेतली आहे किंवा घ्यायचे मनात आणले आहे, त्यांना तिची निगा कशी राखावी याची कल्पना यावी, एवढ्यासाठी हे लेखन आहे.

बोटीच्या देखभालीचे बहुतेक प्रश्न शेवटी पाण्यापाशी येऊन थांबतात. बाहेरचे पाणी आत येता कामा नये, टाकीतले पाणी टाकीतच राहिले पाहिजे, स्वयंपाकाची वाफ भिंतींत मुरता कामा नये आणि डिझेलमध्ये पाणी साचता कामा नये. जमिनीवरच्या घरात गळतीकडे दुर्लक्ष झाले तर भिंतीला ओल येते. बोटीत तेच दुर्लक्ष झाले तर घर तळाला जाते. म्हणून पाणी जिथे असायला हवे तिथेच आहे ना, हे रोज पाहण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावून घ्यावी.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. बहुतेक कालवे 2012 पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहेत. तिचा परवाना मिळण्यासाठी बोटीचा विमा आणि चार वर्षांची मुदत असलेले बोट सेफ्टी प्रमाणपत्र लागते. बोट ठेवण्याची कायमची जागा नसेल, तर 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही आणि बोट खरोखर फिरती ठेवावी लागते. नोकरी किंवा मुलांची शाळा एकाच गावात असणाऱ्यांनी बोटीच्या किमतीआधी या अटीचा विचार करावा.

बोटीच्या मागच्या टोकापाशी

सकाळी इंजिन सुरू करण्याआधी मागच्या डेकची फळी उचलून टॉर्च हातात घेऊन खाली वाकावे आणि इंजिनखालची पोकळी, म्हणजे बिल्ज, नीट पाहावी. इंजिनातील तेलाची पातळी, शीतक द्रवाची पातळी आणि पट्ट्याचा ताण हे तर पाहायचेच. पण खरे लक्ष द्यायचे ते पाण्यात फिरून बोट ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रॉपेलरचा) दांडा पोलादी कवचातून बाहेर जातो त्या जागेकडे. हा दांडा फिरता असल्यामुळे तिथे कायमचे बूच बसवता येत नाही. दांड्याभोवती ग्रीस लावलेल्या चौकोनी दोरीची कडी एकामागे एक बसवलेली असतात आणि दोन नटांनी ती दाबून धरलेली असतात. या जोडणीला स्टर्न ग्लँड म्हणतात.

चालू बोटीत स्टर्न ग्लँडमधून मिनिटाला काही थेंब ठिबकले तर घाबरण्याचे कारण नाही, कारण त्या ओलाव्याने दांडा थंड राहतो. बोट थांबल्यावर मात्र ठिबकणे जवळजवळ बंद झाले पाहिजे. त्यासाठी दिवसाचा प्रवास संपला की ग्रीसच्या नळीची पितळी मूठ हाताला अडकल्यासारखी लागेपर्यंत फिरवावी. एवढे करूनही थेंब थांबत नसतील, तर इंजिन बंद असताना दोन्ही नट पाव-पाव फेरा, आणि तेही आळीपाळीने, आवळावेत; एकच नट जास्त आवळला तर दाब तिरका पडतो आणि दांडा घासतो. नंतर पंधरा-वीस मिनिटे बोट चालवावी, इंजिन बंद करावे आणि ग्लँडच्या बाहेरून हात लावून पाहावा. कोमट लागले तर ठीक. हात ठेववत नसेल इतके गरम लागले तर जास्त आवळले गेले असे समजून नट किंचित सैल करावेत. नट आवळायला जागाच उरली नसेल, तर आतील दोरी झिजलेली असते आणि ती बदलण्याची वेळ आलेली असते. हे काम पहिल्यांदा जाणकार माणसाच्या हातून करून घ्यावे आणि शेजारी उभे राहून शिकून घ्यावे. काही बोटींना दोरीऐवजी रबरी सील असते. त्याची निगा वेगळी असते आणि ती निर्मात्याच्या सूचनेप्रमाणेच घ्यावी.

बिल्जमध्ये पाणी दिसले की ते कोठून आले याचा शोध लागेपर्यंत स्वस्थ बसू नये. शरद ऋतूत मागच्या डेकच्या कडेचे पन्हळ पानांनी तुंबतात आणि पावसाचे पाणी थेट इंजिनावर पडते. अशा वेळी पन्हळ साफ करणे एवढाच उपाय असतो. इंजिनाखालचे पाणी तेलकट असेल तर पंप चालवून ते कालव्यात सोडणे हा गुन्हा आहे. तेल शोषणाऱ्या गाद्या टाकून आधी तेल टिपून घ्यावे. राहत्या खोलीच्या फरशीखाली आणखी एक पोकळी असते आणि बोट मागच्या बाजूला किंचित कललेली असल्यामुळे तिथले पाणी खोलीच्या मागच्या कोपऱ्यात जमते. तिथे फरशीला एक छोटे झाकण असते. महिन्यातून एकदा ते उघडून हात घालावा. तो कोरडा बाहेर आला पाहिजे.

पंख्याच्या थेट वर वीड हॅच नावाची पेटी असते. पंख्यात प्लास्टिक, दोर किंवा कापड अडकले की इंजिनाचा आवाज जड होतो, मागे काळा धूर दिसतो आणि बोट पुढे सरकेनाशी होते. तेव्हा बोट काठाला लावावी, इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी आणि मगच पेटीचे झाकण उघडून हात घालावा. करवती धारेची ब्रेड कापायची सुरी या कामाला फार उपयोगी पडते. काम झाल्यावर झाकण चौफेर नीट बसले आहे आणि त्याचा स्क्रू घट्ट झाला आहे, याची खात्री करावी. पंखा फिरू लागला की सैल झाकणाखालून पाणी जोराने इंजिनाच्या खोलीत शिरते, आणि बोटी बुडण्याच्या ठरलेल्या कारणांपैकी हे एक आहे. येथे आपल्या लोकांना एक कळकळीची विनंती करावीशी वाटते: पूजेचे निर्माल्य, वस्त्र, दोरे कालव्यात सोडू नयेत. कालवा नदीसारखा वाहत नाही. सोडलेले कापड तिथेच राहते आणि कोणाच्या तरी पंख्याला गुंडाळले जाते.

लॉकमधून उतरताना

देखभालीच्या लेखनात लॉकचा विषय घ्यायचे कारण असे, की चांगल्या स्थितीतली बोट घटकाभरात बुडू शकते ती येथे. लॉकच्या वरच्या दरवाजाखाली दगडी किंवा काँक्रीटचा उंबरठा असतो, त्याला सिल म्हणतात. लॉक भरलेले असताना तो पाण्याखाली झाकलेला असतो आणि पाणी उतरू लागले की उघडा पडतो. बोटीचे सुकाणू त्या उंबरठ्यावर टेकले तर बोटीचे मागचे टोक वरच लटकते, पुढचे टोक पाण्याबरोबर खाली जात राहते आणि समोरून पाणी आत शिरते. लॉकच्या भिंतीवर सिलची हद्द दाखवणारी पांढरी रेघ रंगवलेली असते. उतरताना बोट सतत त्या रेघेच्या पुढे ठेवावी, टिलर, म्हणजे सुकाणूची मूठ, सोडून जाऊ नये, आणि बोटीचा दोर काठाच्या खुंटाला कधीही पक्का बांधू नये. फक्त एक वेढा घेऊन टोक हातात धरावे, म्हणजे पाणी उतरेल तसा तो सोडता येतो. काही अडकल्यासारखे वाटले तर खालची पॅडल, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, त्याच क्षणी बंद करावीत आणि नंतर वरची सावकाश उघडून लॉक पुन्हा भरावे.

वर चढताना आधी जमिनीतली पॅडल उघडावीत. दरवाजातली पॅडल, तिथे असलीच, तर पाणी पुरेसे वर आल्यावर उघडावीत, नाहीतर पाण्याचा लोट पुढच्या डेकवर कोसळतो. विंडलास, म्हणजे पॅडल फिरवायचा हँडल, दांड्यावर सोडून हात काढू नये. खीळ सुटली तर तो गरगरत फिरतो आणि मनगट मोडतो. घाई नसलेला माणूस लॉकवर सुरक्षित असतो. मागे दुसरी बोट वाट पाहत असली तरी तिच्यासाठी आपली पद्धत बदलू नये.

बोटीला ब्रेक नसतात हेही लक्षात ठेवावे. बहुतेक कालव्यांवर वेगाची मर्यादा ताशी 4 मैल आहे, पण उभ्या बोटींजवळून जाताना त्याहून कितीतरी हळू जावे, कारण आपल्या बोटीने ओढलेले पाणी त्यांच्या दोरांना हिसके देते आणि मऊ काठात ठोकलेल्या खुंट्या उपटून काढते. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे सरकायचे असते.

टाकी, पंप आणि सांडपाणी

पिण्याच्या पाण्याची टाकी सहसा बोटीच्या पुढच्या टोकात असते. काठावरच्या नळाच्या पेट्या ज्या किल्लीने उघडतात ती किल्ली आणि पिण्याच्या पाण्यासाठीचा स्वतःचा पाइप जवळ ठेवावा. आधी नळ थोडा वेळ वाहू द्यावा, मगच पाइप जोडावा आणि पाइपचे तोंड जमिनीला लागू देऊ नये. टाकी 500 लिटरची असेल तर भरल्यावर पुढच्या टोकावर अर्ध्या टनाचा भार येतो. रिकामी होत गेली की पुढचे टोक वर उचलले जाते आणि वाऱ्यात बोट सांभाळणे अवघड होते. वर्षातून एकदा टाकी निर्जंतुक करावी.

नळ उघडला की पंप आपोआप चालू होतो आणि बंद केला की थांबतो. रात्री सगळे निजल्यावर, कोणीही नळ उघडलेला नसताना पंप क्षणभर घरघरला, तर कोठेतरी थेंब-थेंब पाणी जात आहे. एखादी तोटी गळत असेल तर सुटलो. नसेल तर सांधा ढिला झालेला आहे आणि ते पाणी फरशीखाली जमत आहे. तो आवाज ऐकल्यावर सकाळी पहिले काम तेच करावे, आणि रात्री निजताना किंवा बोट सोडून जाताना पंपाचे बटण बंद करण्याची सवय ठेवावी.

स्वयंपाकघरातील आणि न्हाणीतील सांडपाणी बोटीतून थेट कालव्यात जाते. तेव्हा साबण आणि भांडी घासण्याचे द्रव निसर्गात सहज विघटन होणारे वापरावेत, आणि तळणीचे किंवा फोडणीचे उरलेले तेल बेसिनमध्ये न ओतता डब्यात साठवून कचऱ्यात टाकावे. थंडीत हे तेल नळीत थिजते आणि नळी बसते, हा त्यातला आपला स्वतःचा तोटा. शौचालयाचे पाणी मात्र कधीही कालव्यात सोडता येत नाही. कॅसेट, म्हणजे शौचालयाखालची काढता येणारी छोटी टाकी, असेल तर ती ठरलेल्या एल्सन केंद्रावर, म्हणजे अशा टाक्या ओतण्याच्या जागी, रिकामी करावी लागते, मोठी टाकी असेल तर पैसे देऊन पंपाने उपसून घ्यावी लागते. विष्ठा आणि मूत्र वेगळे ठेवणाऱ्या शौचालयातील घन भाग ट्रस्टच्या कचरापेट्यांत टाकण्यास मनाई आहे. ज्याला तो पूर्ण कुजवून खत करण्याची सोय नाही त्याने असे शौचालय घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वीज

बोटीवरची वीज 12 व्होल्टच्या बॅटऱ्यांतून येते. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या काही तास विश्रांती घेतल्यावर 12.7 व्होल्टच्या आसपास दाखवत असतील तर त्या भरलेल्या आहेत, 12.2 दाखवत असतील तर सुमारे निम्म्या रिकाम्या आहेत. त्याखाली त्या वारंवार जाऊ दिल्या तर त्यांची क्षमता कायमची घटते. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन् तास लागतात, आणि तो भरल्याशिवाय आतल्या पत्र्यांवर शिसे सल्फेटचे थर चढत राहतात. म्हणून रोज अर्धवट भरत राहण्यापेक्षा आठवड्यातून निदान एकदा त्या पुरत्या भरू द्याव्यात. लिथियमच्या बॅटऱ्यांना हा त्रास नाही, पण शून्य अंशाखालच्या तापमानात त्या चार्ज करता येत नाहीत, आणि इंजिनाच्या अल्टरनेटरला थेट जोडल्या तर तो तापून जळू शकतो.

सौर पॅनेल उन्हाळ्यात भरपूर देतात. डिसेंबरात लंडनला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 15 अंशच वर येतो आणि दिवस आठ तासांहून लहान असतो, त्यामुळे हिवाळ्यात इंजिन चालवण्यावाचून गत्यंतर नसते. इतर बोटींजवळ थांबलेले असताना सकाळी 8 ते रात्री 8 या वेळेतच इंजिन चालवावे. मिक्सर चालवायचा असेल तर इंजिन सुरू असतानाच चालवावा. इन्व्हर्टर त्याचा भार सहसा पेलतो, झीज होते ती बॅटरीची.

चूल, गॅस आणि ओल

बोटीत ऊब मिळते ती कोळसा-लाकडाच्या लोखंडी चुलीतून, आणि बोटीवर सर्वांत मोठा जिवाचा धोकाही तिच्यापासूनच असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. 1 एप्रिल 2019 पासून राहण्याची सोय असलेल्या बोटींवर त्याचा अलार्म सक्तीचा आहे. तो चुलीपासून 1 ते 3 मीटरच्या अंतरात लावावा आणि त्याचे बटण दर आठवड्याला दाबून पाहावे. चुलीच्या दाराच्या कडेने दोरीसारखे सील असते. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निघून आली तर सील बदलावे. हंगामात काही आठवड्यांच्या अंतराने धुराडे ब्रशने साफ करावे आणि चुलीतल्या आडव्या पट्टीवर पडलेली काजळी हाताने काढावी, कारण धुराची वाट बहुतेक वेळा तिथेच अडते. निखाऱ्यांची राख झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून बोटीबाहेर ठेवावी. विझल्यासारखी दिसणारी राखही विषारी वायू सोडत राहते.

गॅस प्रोपेनचा घ्यावा, ब्युटेन थंडीत वायुरूप होत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळाला तर खाली बिल्जमध्ये साचतो. म्हणूनच सिलिंडर पुढच्या बंद कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर निघणारी भोके असतात. ती पानांनी किंवा दोराने बुजलेली नाहीत हे पाहावे. छतावरच्या आणि दारांतल्या हवेच्या जाळ्या थंडी वाजते म्हणून कधीही बुजवू नयेत.

याच जाळ्यांमुळे ओलही आटोक्यात राहते. आपल्या स्वयंपाकात वाफ फार निघते. वरणभाताचा कुकर, इडली, मोदक यांची वाफ थंड पोलादाला आणि काचांना लागली की घाम सुटतो, तो लाकडी अस्तरामागे उतरतो आणि गादीखाली बुरशी धरते. स्वयंपाक करताना शेजारची खिडकी उघडी ठेवावी, कुकरची वाफ संथ आचेवर कमीत कमी निघू द्यावी, ओले कपडे चुलीजवळ वाळवताना छताचे झाकण उचलून ठेवावे आणि सकाळी काचा फडक्याने पुसून फडके बाहेर पिळावे. गादीखाली हवा खेळेल अशी पट्ट्यांची चौकट घालावी. यात चुकारपणा केला तर पहिल्याच हिवाळ्यात कपड्यांना कुबट वास येऊ लागतो.

हिवाळा आणि सुकी गोदी

नोव्हेंबर ते मार्च या काळात दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवली जातात. ती वेळापत्रके आधी पाहून ठेवावीत, म्हणजे पाण्याच्या नळापासून दूर अडकून पडण्याची वेळ येत नाही. डिझेलची टाकी हिवाळ्यात भरलेली ठेवावी. रिकाम्या जागेत हवेतले पाणी जमते आणि त्या पाण्यात वाढणारे जंतू फिल्टर तुंबवतात. कालवा गोठला असेल तर बोट हलवू नये, बर्फाच्या धारेने आपल्या आणि शेजारच्या बोटीच्या बाजूंना गंजापासून जपण्यासाठी लावलेले डांबर खरवडून निघते. बोट बंद करून काही आठवडे भारतात जायचे असेल तर पंप बंद करून नळ्यांतले सगळे पाणी काढून टाकावे, न्हाणीतल्या शॉवरच्या नळीतलेसुद्धा, आणि सगळ्या तोट्या उघड्या ठेवाव्यात. इंजिनाच्या शीतक द्रवात गोठणरोधक पुरेसे आहे याची खात्री करावी. शेजारच्या बोटीवरील विश्वासू माणसाला किल्ली देऊन आठवड्यातून एकदा बिल्ज पाहायला सांगावे.

दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तिच्या कवचाला डांबर चढवावे लागते. दाबाच्या पाण्याने शेवाळ धुऊन, गंज तारेच्या ब्रशने खरवडून, पत्रा पूर्ण सुकल्यावर दोन ते तीन हात द्यावेत. पाण्याच्या रेषेपाशी एक हात जास्त द्यावा, कारण हवा आणि पाणी दोन्ही मिळत असल्यामुळे गंज तिथेच सर्वाधिक धरतो. इपॉक्सीचा थर जास्त वर्षे टिकतो, पण त्याआधी पत्रा वाळूच्या माऱ्याने नितळ करावा लागतो आणि त्याचा खर्च मोठा असतो. नव्या बोटींचा तळाचा पत्रा साधारण 10 मिलिमीटर, बाजूंचा 6 आणि खोलीच्या भिंतींचा 4 मिलिमीटर असतो. बोट जुनी असेल तर गोदीत असतानाच सर्व्हेअरकडून ध्वनिलहरींच्या यंत्राने पत्र्याची जाडी मोजून घ्यावी.

कवचाला जोडलेले मॅग्नेशियमचे ठोकळे पोलादाऐवजी स्वतः झिजतात. ते निम्म्याहून कमी उरले असतील तर याच वेळी नवे जोडून घ्यावेत आणि त्यांच्यावर डांबराचा ब्रश फिरू देऊ नये, कारण डांबर लागलेला ठोकळा काहीच काम करत नाही. बोट काठावरच्या विजेला जोडून ठेवण्याची सवय असेल, तर त्या जोडणीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे तारेतून येणारा गंजवणारा सूक्ष्म प्रवाह अडवणारे उपकरण, बसवलेला आहे का, हे गोदीतल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. तो नसेल तर शेजारच्या बोटींशी विजेच्या तारेतून जोडले गेल्यामुळे आपले ठोकळे काही महिन्यांतच संपू शकतात. चांगल्या गोदीचा उन्हाळ्यातला दिवस खूप आधी भरतो, तेव्हा तारीख आदल्या वर्षीच मागून ठेवावी.